होडीचा तळ आणि काकीची कालवं

नवी फायबरची होडी घेतली तेव्हा तिच्या तळाला मी दुकानातला सर्वांत जहाल लाल रंग लावला. तांब्याचा. उरलेला वाया कशाला घालवायचा म्हणून इंजिनाच्या पाण्यात राहणाऱ्या भागालाही फासला. तो भाग ॲल्युमिनियमचा, आणि खाऱ्या पाण्यात तांबं ॲल्युमिनियमला खातं. दिवाळीनंतर इंजिन उचललं तर पोपड्यांखाली तांदळाएवढे खड्डे, त्यांत पांढरी भुकटी. तो खर्च अजून आठवतो.

खरवडायचं कामही मी ओहोटीला देवगडच्या खाडीतच उरकलं. शेजारी काकी कालवं काढत होती. चिखलातली लाल कपची उचलून म्हणाली, “झिला, ह्यां काय रे?” मला उत्तर देता आलं नाही. होडीच्या तळाला चिकटणाऱ्या कवचाच्या बार्नॅकलला मारणारं तांबं कालवाच्या पिल्लालाही मारतं. फ्रान्समधल्या आर्काशों उपसागरात १९७०च्या दशकात कथिलाच्या रंगाने कालवांची पैदास बसली, शिंपले जाड, वेडेवाकडे झाले. त्या रंगावर आंतरराष्ट्रीय करारानुसार २००८ साली बंदी आली. तांब्याचा मात्र सर्रास मिळतो.

आता मी बार्नॅकलच्या आधी हात चालवतो. पाण्यातल्या तळावर काही तासांत जीवाणू बसतात, मग बुळबुळीत शेवाळ. बार्नॅकलचं जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचं पिल्लू तळावर अक्षरशः चालून जागा चाचपतं, डोकं टेकतं आणि स्वतःच्या डिंकाने कायमचं चिकटतं. कवच कडक होण्याआधी ते ओल्या गोणपाटाने निघतं. महिनाभर थांबलात तर पत्रा घ्यावा लागतो, आणि पत्र्याबरोबर रंगही निघून पाण्यात जातो.

म्हणून दर आठवड्याला तळ पुसा. धंदा नसेल त्या दिवसांत होडी वाळूवर ओढून कडक उन्हात वाळवा. इंजिन वापरून झालं की पाण्याबाहेर उचलून ठेवा. जुना रंग काढायचाच तर किनाऱ्यावर, खाली ताडपत्री अंथरून आणि पाणी मारत घासा, धूळ उडू देऊ नका; कपच्या गोळा करा.

विष न सोडणारा सिलिकॉनचा गुळगुळीत लेप मिळतो. रोज वेगाने धावणाऱ्या बोटीला तो उत्तम, कारण चिकटलेलं पाण्याच्या जोरानेच सुटतं. पण तो मऊ असतो. आपल्यासारखी वाळूवर ओढायची होडी असेल तर पहिल्याच मोसमात फाटेल. मी तो घेतला नाही.

गोणपाट होडीतच, वल्ह्याखाली ठेवलेलं असतं.