तांब्याची छपाई : उच्च घनतेच्या मुद्रित मंडलफलकांची निर्मिती

नाशिक हे जसे तीर्थक्षेत्र, तसेच ते छपाईचेही शहर होय. नाशिकरोड येथे १९२५ साली भारत प्रतिभूती मुद्रणालय आणि १९२८ साली चलनी नोटांचे मुद्रणालय सुरू झाले. एक रंग दुसऱ्या रंगावर नेमका बसला नाही तर छपाई वाया जाते, हे या शहराला वेगळे सांगावयास नको. आज अशाच नेमकेपणाची मागणी करणारी आणखी एक छपाई जगभर महत्त्वाची ठरली आहे. ती शाईची नसून तांब्याची आहे.

विजेचा मीटर, मोटारीतील नियंत्रक किंवा खिशातील मोबाईल उघडला असता आत बहुधा एक हिरवा फलक दिसतो. यालाच मुद्रित मंडलफलक आणि कारखान्याच्या भाषेत ‘पीसीबी’ म्हणतात. ऑस्ट्रियात जन्मलेले अभियंते पॉल आइस्लर यांनी लंडनमध्ये १९३६ च्या सुमारास अशा मंडलाचा उपयोग रेडिओसाठी करून दाखविला. दुसऱ्या महायुद्धानंतर त्याचा प्रसार सर्वत्र झाला.

जुनी रीत

काचतंतू आणि इपॉक्सी राळ यांच्या पत्र्यावर तांब्याचा पातळ थर चिकटविलेला असतो. त्यावर प्रकाशसंवेदी लेप देऊन आराखड्याची प्रतिमा उमटविण्यात येते. जेथे तांबे हवे तेथे लेप राहतो. उरलेले तांबे रसायनात विरघळून जाते. असे अनेक थर उष्णता व दाब देऊन एकजीव करतात, आरपार छिद्रे पाडतात आणि छिद्रांच्या भिंतींवर तांबे चढवून वरचे थर खालच्या थरांशी जोडतात.

या रीतीस दोन मर्यादा आहेत. रसायन तांबे केवळ खालच्या दिशेने नव्हे, तर बाजूनेही खाते. नेहमीचा थर ३५ मायक्रॉन जाडीचा असल्याने फार बारीक रेषा कोरू गेल्यास ती तुटण्याचा संभव असतो. दुसरे असे की, आरपार छिद्र ज्या थरांना त्याची गरज नाही त्यांचीही जागा अडविते. शिवाय ०.१५ मिलिमीटरच्या आसपास टंगस्टन कार्बाइडची गिरमिटे वारंवार मोडू लागतात.

घनता कशी वाढते ?

मनुष्याचा केस साधारणतः ७० ते १०० मायक्रॉन जाड असतो. उच्च घनतेच्या फलकात तांब्याच्या रेषा व त्यांमधील अंतर १०० मायक्रॉन किंवा त्याहून कमी आणि छिद्रे १५० मायक्रॉनहून लहान असतात. ही सूक्ष्म छिद्रे आरपार न जाता एका थरातून लगतच्या थरापर्यंतच पोहोचतात.

ती पाडण्याचे काम लेसर किरण करतात. कार्बन डायऑक्साइड लेसरचा किरण राळेत शोषला जातो, परंतु तांब्यावरून बव्हंशी परावर्तित होतो. त्यामुळे खालच्या तांब्याशी पोहोचताच छिद्र आपोआप थांबते. वरचे तांबे भेदावयाचे असल्यास अतिनील लेसर वापरतात. छिद्राची खोली त्याच्या रुंदीपेक्षा अधिक ठेवीत नाहीत. अन्यथा तळापर्यंत तांबे नीट चढत नाही.

अलीकडे तांबे कोरण्याऐवजी ते हव्या त्या जागीच चढविण्याची पद्धत पुढे आली आहे. अवघ्या काही मायक्रॉन तांब्यावर लेपाच्या चऱ्या तयार करून त्यांत तांबे भरतात. नंतर लेप व तळाचा पातळ थर काढून टाकतात. यामुळे सुमारे ३० मायक्रॉनच्या रेषा शक्य झाल्या आहेत. बारीक मोबाईल फलक याच रीतीने बनतात.

मात्र प्रत्येक नव्या थरासाठी दाबणे, छेदणे व तांबे चढविणे ही कामे पुन्हा करावी लागतात. समजा, प्रत्येक टप्प्यात शंभरापैकी ९८ फलक निर्दोष उतरले, तरी दहा टप्प्यांअखेर जेमतेम ८२ उरतात. म्हणून या धंद्यात नफा-तोटा यंत्राइतकाच शिस्तीवर ठरतो.

नाशिकसमोरील प्रश्न

केंद्र शासनाने एप्रिल २०२५ मध्ये २२,९१९ कोटी रुपयांची इलेक्ट्रॉनिक घटक निर्मिती योजना अधिसूचित केली. ऑक्टोबर २०२५ मध्ये मंजूर झालेल्या पहिल्या सात प्रकल्पांत उच्च घनतेच्या फलकांचाही समावेश आहे. त्या सातांपैकी पाच तामिळनाडूत, एक आंध्र प्रदेशात आणि एक मध्य प्रदेशात आहे. सातपूर व अंबड येथील विद्युत्-साहित्याची परंपरा आणि ओझरचा विमान कारखाना लक्षात घेता, हे तंत्र आत्मसात करण्यास लागणारी कौशल्याची भूमी नाशिकपाशी निश्चितच आहे.

परंतु या उद्योगाची एक बाजू पाण्याची आहे. प्रत्येक टप्प्यानंतर फलक धुवावा लागतो आणि त्या पाण्यात तांबे उतरते. चुन्याची निवळी टाकून तांबे खाली बसविता येते, असा सर्वसाधारण समज आहे. तथापि काही द्रावणांतील अमोनिया व तत्सम द्रव्ये तांब्याला घट्ट धरून ठेवतात. मग ते चुन्याने खाली बसत नाही. अशी सांडपाणी आरंभापासूनच वेगळ्या नळांनी नेली पाहिजेत व त्यांतील तांबे परत मिळविले पाहिजे. सर्व पाणी एकाच टाकीत मिसळल्यावर उपाय दुप्पट खर्चाचा होतो. ज्या गोदावरीत २०२७ मध्ये सिंहस्थाचे स्नान व्हावयाचे आहे, तिच्या काठच्या गावाला ही गोष्ट गौण मानता येणार नाही.

तेव्हा नव्या उद्योजकाने लेसर यंत्राची किंमत विचारण्यापूर्वी सांडपाण्याचा आराखडा हाती घ्यावा. तंत्रनिकेतने व औद्योगिक प्रशिक्षण संस्थांनीही जोडणीबरोबरच तांबे चढविण्याचे रसायनशास्त्र आणि सूक्ष्मदर्शकाखालील तपासणी यांचे शिक्षण दिल्यास येथील तरुणांना या कामाची दारे खुली होतील. कागदावरील छपाईत ज्या नगरीने शतकभर विश्वास कमावला, ती तांब्याच्या छपाईतही मागे राहण्याचे कारण नाही. मात्र नदी स्वच्छ ठेवूनच हा लौकिक मिळवावयास हवा.