कोळसुंदा : वैरी की राखणदार ?

भोकर तालुक्यात रानाकडेला शेळी वा वासरू फाडलेले आढळले की दोष रानकुत्र्यावर जातो. परंतु हे कृत्य गावच्या मोकाट कुत्र्यांचेही असू शकते. म्हणून दोहोंतील भेद शेतकरी बंधूंनी जाणून घ्यावा.

रानकुत्रा म्हणजेच कोळसुंदा. रंग तांबूस, शेपूट झुपकेदार व टोकाशी काळी. सोबत्यांस तो शीळ घालून बोलावितो. गावकुत्र्यास ४२ दात असतात, यास ४०. हा टोळीने राहून चितळ, सांबर, रानडुक्कर यांची शिकार करितो. आणि हीच जनावरे आपले उभे पीक फस्त करितात, हे विसरू नये.

इंग्रजी अमदानीत यास मारणारास सरकारातून इनाम मिळे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यास अभय दिले. २०१५ च्या अंदाजाप्रमाणे जगात प्रौढ कोळसुंदे ९४९ ते २,२१५ एवढेच होते.

महसूल खात्यातील नोकरीत पंचनाम्याचे कागद मी पुष्कळ हाताळिले. मृत जनावर घाईने ओढून टाकिल्यास पुरावा नाहीसा होतो व खरा दावाही बुडतो. कोळसुंद्याने मारिलेल्या गुरांची भरपाई शासन देते. यास्तव ४८ तासांच्या आत वनखात्यास वर्दी द्यावी, पंचनाम्यापर्यंत जनावर हलवू नये, आणि त्यात विष तर कदापि घालू नये. गावकुत्र्यांस लस टोचून घ्यावी. त्यांचे रोग कोळसुंद्यांस जडतात. शिवाराच्या या राखणदारास आपणच मारिले, तर रानडुकरांस आवरणारा एक गडी कमी होईल.