वणवा कोणी लावला?

शीर्षक वाचून ही डिटेक्टिव्ह स्टोरी आहे असं वाटेल. थोडीफार आहेच. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, तेव्हा शुद्धलेखनाची चूकभूल द्यावी घ्यावी.

मागच्या मार्चमध्ये आपल्या होस्टेलमागची टेकडी जळाली, ते सगळ्यांना आठवत असेल. दुसऱ्या दिवशी वायव्हा असूनही आपण सगळे गच्चीवर उभे होतो. "गुराख्यानेच लावली असणार," कोणीतरी म्हणालं. तो दुपारी वर माथ्यावर होता आणि दुसरं कोणी दिसलं नव्हतं. झालं! मीही मान डोलावली. दुसऱ्या दिवसापासून मागच्या गेटमधून त्याची गुरं सोडणं बंद झालं. काका लांबचा वळसा घालून जाऊ लागले.

त्याच आठवड्यात पेपर प्रेझेंटेशनसाठी विषय शोधताना मला कळलं, की वणव्याचं कारण शोधणं हे एक वेगळं शास्त्र आहे. अमेरिकेत, ऑस्ट्रेलियात त्यासाठी खास प्रशिक्षित तपासनीस असतात. ते काय करतात, हे थोडक्यात सांगते.

आग कशी चालते?

वणव्याची चाल तीन गोष्टींवर ठरते : इंधन (म्हणजे गवत, पालापाचोळा), वारा आणि चढ-उतार. चढावर ज्वाळा पुढच्या गवताकडे झुकतात, त्यामुळे ते पेटण्याआधीच तापून तयार असतं. दर १० अंश चढाला आगीचा वेग साधारण दुप्पट होतो, असा एक ढोबळ नियम आहे. उलट उतारावरून खाली येणारी आग रेंगाळत येते. म्हणजे आगीलाही डोकं, दोन कुशी आणि शेपूट असतं. ती जिथे सुरू झाली ती जागा बहुतेक वेळा शेपटाजवळ सापडते. म्हणून तपासनीस डोक्याकडून मागे मागे चालत येतात.

खुणा कशा वाचायच्या?

दगडाच्या ज्या बाजूने आग येते ती बाजू काजळते, पलीकडची बाजू त्या मानाने स्वच्छ राहते. दगडाच्या आडोशाला एखादा गवताचा झुबका न जळता उरतो. झाडाचं मात्र वेगळं. जोरात आलेली आग बुंध्याला वळसा घालते आणि पलीकडच्या बाजूला जास्त उंच जळते. म्हणून एका खुणेवर विसंबायचं नसतं. पुढे धावणाऱ्या आगीच्या खुणेला लाल झेंडी, बाजूला पसरणाऱ्या आगीला पिवळी आणि मागे सरकणाऱ्या आगीला निळी, अशा झेंड्या लावत जातात. बहुतेक खुणा एकाच दिशेला बोट दाखवू लागल्या की जागा सापडते. मग तिथे दोऱ्या बांधून पट्टे पाडायचे आणि भिंग व लोहचुंबक घेऊन इंच इंच जमीन तपासायची.

आणि सगळ्यात महत्त्वाचा नियम : "दुसरं काही सापडलं नाही, म्हणून हेच कारण" असं म्हणायचं नाही. प्रत्येक कारणाला स्वतःचा पुरावा लागतो. हे वाचताना मला गच्चीवरचे आपण सगळे आठवलो.

एका हुकाची गोष्ट

मी इलेक्ट्रिकलची, म्हणून हे उदाहरण मनात बसलं. ८ नोव्हेंबर २०१८ च्या सकाळी कॅलिफोर्नियात 'कॅम्प फायर' हा वणवा पेटला. पॅरडाइज नावाचं गाव काही तासांत गेलं. ८५ माणसं मेली, १८ हजारांहून जास्त इमारती जळाल्या. तपास ११५ केव्हीच्या ट्रान्समिशन लाइनच्या एका टॉवरपर्यंत पोचला. तिथे इन्शुलेटरची माळ लटकवणारा सुमारे १०० वर्षं जुना लोखंडी हुक झिजून तुटला होता. तार टॉवरला लागली, आर्क झाला आणि वितळलेला धातू वाळक्या झुडपांवर पडला. तपासनीसांनी हुक जप्त केला, त्याच लाइनवरच्या दुसऱ्या टॉवरचे हुकही पाहिले. त्यांच्यावरही झीज होतीच. जून २०२० मध्ये पीजी अँड ई या वीज कंपनीने ८४ जणांच्या निष्काळजीपणाने झालेल्या मनुष्यवधाचे गुन्हे कोर्टात कबूल केले. मेंटेनन्सच्या लेक्चरला झोपणाऱ्यांनी (त्यात मीही आले) हे लक्षात ठेवावं.

पुन्हा आपली टेकडी

रविवारी सकाळी आम्ही तिघी टेकडीवर गेलो. झेंड्या कुठल्या, जर्नलच्या रंगीत कागदाच्या पट्ट्या होत्या. माथ्यावरून खाली येत खुणा पाहिल्या. दगडामागून दगड खालच्या, म्हणजे आपल्या बाजूने काळा! वरच्या बाजूला गवताचे झुबके शिल्लक. आग वरून खाली आलीच नव्हती, ती खालून वर धावली होती. लाल पट्ट्या संपून निळ्या सुरू झाल्या त्या थेट कंपाउंडमागच्या खड्ड्यापाशी. तिथे होस्टेलचा कचरा जाळतात. सेमिस्टर संपल्यावर माझ्या जुन्या असाइनमेंट्स मीही तिथेच पेटवल्या होत्या.

शंभर टक्के सिद्ध झालं असं मी म्हणणार नाही. आठ दिवस उलटले होते, जागा तुडवली गेली होती. पण काका वर होते आणि आग खालून आली, एवढं नक्की.

आम्ही रेक्टर मॅडमना कागदावर नकाशा काढून दाखवला. खड्ड्यात जाळणं बंद झालं, गेटही उघडलं. मी काकांची माफी मागायला गेले. ते म्हणाले, "पोरी, माझंच गवत मी कशाला जाळू? गुरं काय खातील?" एवढा साधा प्रश्न आपल्यापैकी कोणालाच सुचला नव्हता.

मग काय करायचं?

कारण कळलं की उपाय सापडतो. कॅलिफोर्नियात आता कोरडा, जोराचा वारा असला की काही लाइन्स मुद्दाम बंद ठेवतात. आपल्या विदर्भात मोहाची फुलं वेचायला झाडाखालचा पाला जाळतात. तिथे जाळण्याऐवजी झाडून काढणं किंवा खाली जाळी बांधणं हा उपाय आहे. वनखातं उन्हाळ्याआधी जाळरेषा काढतं, म्हणजे गवत काढून मोकळे पट्टे ठेवतं. उपग्रहाला आग दिसली की भारतीय वन सर्वेक्षणाकडून सूचनाही येते. आपल्याला एवढंच करायचंय : कंपाउंडमागचं गवत फेब्रुवारीतच काढायचं, काडी-सिगारेट टेकडीवर न्यायची नाही आणि कचरा पेटवायचा नाही.

आणि पुन्हा कुठे धूर दिसलाच, तर नाव घेण्याआधी एकदा दगड बघून यायचं.