अंगणातील बाज, बाकडी व खुर्च्या यांची निगा

शेतकऱ्याच्या घरी औत, पांभर व बैलगाडी यांची देखभाल बहुधा वेळेवर होते. ऐन पेरणीत अवजार मोडले तर काम अडते, हे सर्वांस ठाऊक असते. अंगणातील बाज, ओटीसमोरचे बाकडे, बांबूची खुर्ची किंवा चावडीपुढील लोखंडी बाक यांच्या बाबतीत मात्र अशी दक्षता क्वचितच आढळते. या वस्तू वर्षानुवर्षे ऊन, पाऊस व धूळ सोसत बाहेर पडून राहतात आणि एके दिवशी माणूस बसला असतानाच मोडतात. बसणारे माणूस म्हातारे असेल किंवा गरोदर बाई असेल, तर केवळ बाकडे मोडले एवढ्यावर निभावत नाही. म्हणून या वस्तूंची निगा हा हौसेचा विषय नसून घराच्या बचतीचा व माणसांच्या सुरक्षिततेचा विषय आहे. या कामास लागणारे साहित्य थोडके असते व वर्षातून तीन-चार दिवस दिले म्हणजे पुरते.

खराबी कोठून सुरू होते

बाहेर ठेवलेल्या लाकडाचे शत्रू तीन. पहिला ऊन. उन्हामुळे लाकडाचा पृष्ठभाग करडा पडतो व खडबडीत होतो. परंतु ही खराबी वरवरची असते. दुसरा पाऊस. लाकूड भिजले की फुगते व वाळले की आकसते. असे वारंवार झाले म्हणजे त्यास भेगा पडतात, सांधे सैल होतात आणि त्या भेगांतून पाणी आत शिरते. तिसरा व सर्वांत घातक शत्रू म्हणजे जमिनीची ओल.

लाकडातील ओलावा त्याच्या कोरड्या वजनाच्या शेकडा २० पेक्षा कमी राहिला, तर कुजविणारी बुरशी त्यात वाढू शकत नाही. हा ओलावा आत शिरतो तो मुख्यतः लाकडाच्या कापलेल्या टोकांतून. झाड उभे असताना मुळांकडून पाणी वर नेणाऱ्या बारीक नळ्या या टोकांशी उघड्या असतात. बाकड्याचा किंवा बाजेचा पाय नेमका अशाच टोकावर उभा असतो. त्यामुळे वरची फळी धडधाकट दिसत असताना पाय मात्र खालून कुजत जातो. शेणाने सारवलेल्या किंवा मातीच्या अंगणात वाळवीही तेथूनच चढते. तेव्हा निगा राखण्यास आरंभ वस्तूच्या पायापासून करावा, वरून नव्हे.

सागाच्या लाकडाचा आतील गडद भाग ओल व कीड यांस पुष्कळ दाद देत नाही. परंतु त्याच सागाचा बाहेरील फिका भाग लवकर खराब होतो. आंब्याचे लाकूड स्वस्त मिळते, पण ते किडीस व बुरशीस लवकर बळी पडते. म्हणून आंब्याच्या लाकडाचे बाकडे उघड्यावर ठेवू नये. ठेवणे भाग पडल्यास त्याची निगा दुप्पट घ्यावी.

पायांची व्यवस्था

प्रथम प्रत्येक पायाच्या तळाशी दाभण टोचून पाहावे. दाभण सहज आत गेले तर तेथील लाकूड कुजले आहे असे समजावे. कुजका भाग कापून टाकून चारही पाय सारख्या उंचीचे करून घ्यावेत. नंतर वस्तू उलटी ठेवून पायांच्या तळांना जवसाचे उकळलेले तेल, ज्यास रंगारी बेलतेल म्हणतात, ते पाजावे. लाकूड तेल पिईनासे होईपर्यंत पुनःपुन्हा लावावे. तेल वाळल्यावर प्रत्येक पायाखाली सपाट दगड, फरशीचा तुकडा किंवा पक्की वीट ठेवावी. एवढ्यानेच वस्तूचे आयुष्य कितीतरी वाढते. दगडावरून मातीची नळी वर चढताना दिसल्यास ती वाळवीची वाट होय; ती खरवडून टाकावी व दर पंधरा दिवसांनी तपासणी करावी.

लाकूड धुणे व तेल देणे

आधी कोरड्या कुंचल्याने धूळ, जाळी व पक्ष्यांची विष्ठा काढावी. नंतर १० लिटर पाण्यात सुमारे ५० ग्रॅम साबणाचा चुरा किंवा रिठ्याचे पाणी घालून कापडाने अथवा मऊ ब्रशाने लाकडाच्या रेषांच्या दिशेने घासावे. कॉस्टिक सोडा वापरू नये. त्याने लाकूड काळे पडते व वरचे तंतू सुटतात. धुतल्यावर स्वच्छ पाण्याने पुसून घ्यावे आणि सावलीत, वारा लागेल अशा जागी दोन-तीन दिवस वाळवावे. कडक उन्हात ओले लाकूड टाकल्यास ते तडकते.

साग व बाभूळ यांच्या लाकडात लोखंडी खिळ्याभोवती काळे डाग पडलेले दिसतात. लाकडातील तुरट द्रव्य व लोखंड यांच्या संयोगाने हे डाग पडतात. लिंबाच्या फोडीने चोळून धुतल्यास ते फिके होतात. सैल झालेल्या सांध्यात नुसता खिळा ठोकू नये. त्याने लाकूड फाटते व खिळ्याच्या भोकातून पाणी आत जाते. सांधा उकलून, साफ करून, लाकडी पाचर मारून घट्ट करावा.

लाकूड पूर्ण वाळल्यावर काचकागदाने घासून तेल द्यावे. पहिल्या हातास बेलतेल व टर्पेंटाइन समभाग घ्यावे, म्हणजे तेल खोलवर जाते. दुसरा हात नुसत्या तेलाचा द्यावा. प्रत्येक वेळी पंधरा-वीस मिनिटांनी वर राहिलेले तेल कोरड्या कापडाने पुसून काढावे, नाही तर पृष्ठभाग चिकट राहतो व त्यावर धूळ बसते. दोन हातांमध्ये निदान एक दिवसाचे अंतर असावे. गाडीचे किंवा ट्रॅक्टरचे जळके ऑइल बैठकीच्या वस्तूंना लावण्याची चाल काही ठिकाणी आहे, ती सोडून द्यावी. त्यातील घातक द्रव्ये कपड्यांना व अंगाला लागतात.

तेलाच्या चिंध्यांचा धोका

येथे एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवली पाहिजे. जवसाचे तेल वाळते ते हवेतील प्राणवायू शोषून, व त्या क्रियेत उष्णता निर्माण होते. लाकडावर पातळ पसरलेल्या तेलाची उष्णता हवेत निघून जाते. परंतु तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकल्यास ती उष्णता आत साठते आणि काही तासांनी ठिणगीवाचूनही बोळा पेटू शकतो. तेल देण्याचे काम बहुधा उन्हाळ्यात, गोठ्याजवळ किंवा कडब्याच्या गंजीच्या आडोशाला चालते, हे लक्षात घेतले म्हणजे या चुकीची किंमत काय पडेल ते सांगावयास नको. काम संपताच चिंध्या पाण्यात बुडवाव्यात. नंतर एकेक सुटी पसरून उघड्या जमिनीवर, गवत व कडबा यांपासून दूर वाळवावी आणि मग तिची विल्हेवाट लावावी.

बाज व ढेकूण

बाजेचे गाते ज्या ठिकाणी पायांत बसतात ते सांधे व दोरीच्या गाठी ही ढेकणांची आवडती जागा होय. ढेकूण कित्येक महिने उपाशी राहू शकतो. म्हणून बाज काही दिवस न वापरता ठेवल्याने तो मरत नाही. काही लोक शेतातील फवारणीचे औषधच बाजेवर शिंपडतात. हा प्रकार अत्यंत धोक्याचा आहे. पिकांवरील औषध माणूस रात्रभर अंग टाकतो त्या वस्तूसाठी तयार केलेले नसते. ते दोरीत मुरते, कातडीतून व श्वासातून शरीरात जाते, आणि लहान मुलांना त्याची बाधा लवकर होते. पूर्वी ढेकणांसाठी सर्रास वापरली जाणारी बी. एच. सी. पावडर भारतात १९९७ साली बंद करण्यात आली आणि डायक्लोरव्हॉस या औषधावर ३१ डिसेंबर २०२० पासून बंदी आहे. घरात त्यांचा जुना साठा असल्यास तो वापरू नये.

ढेकणांवर खात्रीचा व बिनविषारी उपाय उष्णतेचा आहे. दोरी सोडून ती उकळत्या पाण्यात बुडवावी. गाते व पाय सुटे करून सांध्यांच्या भोकांत व भेगांत किटलीने उकळते पाणी सावकाश ओतावे. पाणी नुसते कोमट असून चालत नाही. नंतर सर्व भाग वाळवून, भेगा लांबीने बुजवून बाज पुन्हा विणावी. अंड्यांतून पुढे निघणाऱ्या पिलांसाठी हीच क्रिया दहा ते पंधरा दिवसांनी परत करावी. त्याच दिवशी गोधड्या व चादरी गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवाव्यात. एरवी ढेकूण अंथरुणातून बाजेवर पुन्हा येतात. नायलॉनची पट्टी असल्यास ती उकळत्या पाण्याने सैल पडण्याचा संभव असतो, म्हणून ती काढून साबणाच्या पाण्यात ब्रशाने घासावी व तिच्या घड्या नीट तपासाव्यात.

बांबू व वेत

बांबूच्या खुर्चीखाली पिवळसर पिठाचे ढीग दिसू लागले म्हणजे आत भुंग्याची कीड चालू आहे असे समजावे. ही कीड बांबूतील पिष्टमय द्रव्यावर जगते. म्हणून बुरुडाकडून वस्तू करवून घेताना तीन-चार वर्षांचा जून बांबू पावसाळ्यानंतर तोडलेला असावा व तो तीन-चार आठवडे पाण्यात बुडवून ठेवून नंतर सावलीत वाळविलेला असावा, अशी मागणी करावी. पाण्यात ते द्रव्य बरेचसे निघून जाते. कीड लागलेला तुकडा बदलून घेणे हेच उत्तम. बांबूची वस्तू पावसात ठेवू नये. वर टांगून ठेवल्यास फार टिकते.

लोखंडी व प्लॅस्टिकच्या वस्तू

लोखंडी खुर्चीचा रंग जेथे फुगलेला दिसतो तेथे खाली गंज असतो. तारेच्या ब्रशाने व काचकागदाने तो चकचकीत धातू दिसेपर्यंत काढावा, त्याच दिवशी रेड ऑक्साइडचा हात द्यावा व वाळल्यावर रंगाचे दोन हात द्यावेत. गंजावरच रंग लावणे म्हणजे पैसा वाया घालविणे होय. समुद्रकाठच्या गावांत खाऱ्या हवेमुळे गंज लवकर चढतो. तेथे महिन्यातून एकदा गोड्या पाण्याने धुऊन पुसावे. घरगुती रंगांत शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांपेक्षा अधिक नसावे असा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे. त्यापूर्वीचा जुना रंग कोरडा घासू नये. पाण्याने ओला करून घासावा व मुलांना दूर ठेवावे.

प्लॅस्टिकची खुर्ची कुजत नाही, म्हणून तिला निगा लागत नाही असा समज आहे. वास्तविक उन्हाने प्लॅस्टिक ठिसूळ होते. हात फिरविला असता पांढरी भुकटी लागू लागली किंवा पाय व बैठक यांच्या जोडाशी बारीक रेषा दिसल्या, तर ती खुर्ची बसण्याच्या कामातून काढावी. अशी खुर्ची पूर्वसूचना न देता मोडते. वापर नसेल तेव्हा खुर्च्या सावलीत ठेवाव्यात.

साचलेले पाणी

मुंग्यांचा उपद्रव टाळण्यासाठी बाजेच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवण्याची पद्धत पुष्कळ घरी आहे. पद्धत सोयीची असली तरी अशा स्वच्छ साठलेल्या पाण्यात डेंग्यूचा प्रसार करणारा डास अंडी घालतो आणि सुमारे आठ-दहा दिवसांत नवे डास बाहेर पडतात. म्हणून आठवड्यातून एकदा वाट्या रिकाम्या करून आतून घासाव्यात व कोरड्या करून पुन्हा भराव्यात. पावसाळ्यात बाहेर राहिलेल्या खुर्च्या उलट्या किंवा कलत्या ठेवाव्यात.

वर्षाचा क्रम

१. मे महिन्यात, मृग नक्षत्रापूर्वी : धुणे, पाय व सांधे तपासणे, तेल व रंग देणे. हे काम वर्षातील मुख्य समजावे.

२. पावसाळ्यात : वस्तू पडवीत घेणे. कोकणात, जेथे पाऊस २,५०० मिलिमीटरहून अधिक पडतो, तेथे बुरशीचा काळा थर दिसताच साबणाच्या पाण्याने पुसून वाऱ्यावर ठेवणे. प्लॅस्टिकच्या कागदात लाकूड गच्च गुंडाळू नये. आत घाम धरतो.

३. दसऱ्यास : अवजारे धुऊन पूजण्याची रीत आहेच, त्याच दिवशी बाज व बाकडी धुऊन उन्हे दाखवावीत.

४. संक्रांतीच्या सुमारास : सैल दोरी ताणणे, पाचरी ठोकणे, वाळवी पाहणे.

प्रात्यक्षिक

गावपातळीवरील कार्यकर्त्याने हा विषय केवळ व्याख्यानाने न सांगता चावडीवरील किंवा शाळेच्या आवारातील एखादे जुने बाकडे घेऊन करून दाखवावा. प्रथम ते उलटे करून पायाच्या तळाशी दाभण टोचून दाखवावे. वरून साबूत दिसणाऱ्या लाकडात ते कसे शिरते, हे डोळ्यांनी पाहिले म्हणजे पुढील सर्व गोष्टी पटावयास वेळ लागत नाही. त्यानंतर अर्ध्या भागास तेल देऊन अर्धा तसाच ठेवावा, दोन्हींवर पाणी शिंपडावे व कोणत्या बाजूस पाणी मुरते ते जमलेल्यांनी स्वतः पाहावे. शेवटी उरलेला भागही तेल देऊन पुरा करावा आणि चिंध्या सर्वांसमक्ष पाण्यात बुडवाव्यात. बाकडे परत ठेवताना त्याच्या चारही पायांखाली दगड ठेवण्यास विसरू नये. पुढच्या मृगात तेच बाकडे पुन्हा उलटे करून दाखविता आले, तर त्याहून चांगला धडा दुसरा नाही.