जुनें नांव, अपुरें माप

वजनमापांचा नवा कायदा १९५६ सालीं झाला आणि त्यायोगें पुढें तोळा हें माप कायद्यांतून गेलें. तरी सराफ्यांत तोळ्याचें नांव अद्याप चालतें. मूळ तोळा सुमारें ११.६६ ग्रॅमचा, आज मात्र पुष्कळ पेढ्यांवर तोळा म्हणजे १० ग्रॅम समजतात. नांव एक आणि मापें दोन! संगणकांतील नोंदवह्यांत, म्हणजे ज्यांस डेटाबेस म्हणतात त्यांत, हाच प्रकार कसा घडतो, तें आज पाहूं.

संगणक अक्षर सांठवीत नाहीं, अक्षराचा क्रमांक सांठवितो. युनिकोड नांवाच्या सर्वमान्य यादींत बाळबोध ‘अ’चा क्रमांक २,३०९ आहे. मोडी लिपीस या यादींत २०१४ सालीं स्थान मिळालें. तिच्या ‘अ’चा क्रमांक ७१,१६८ आहे. हे क्रमांक लिहिण्याची यूटीएफ-८ नांवाची रीत आहे. तिच्यांत ६५,५३५ पर्यंतच्या क्रमांकांस फार तर तीन बाइट, म्हणजे तीन घरें, लागतात; त्यापुढील प्रत्येक क्रमांकास चार लागतात.

मायएसक्यूएल ही पुष्कळ ठिकाणीं वापरांत असलेली डेटाबेस-प्रणाली. तिच्या २००४ सालच्या ४.१ या आवृत्तींत ‘यूटीएफ८’ या नांवाची सोय आली, परंतु तींत एका अक्षरास तीनच घरें ठेविलेलीं होतीं. बाळबोध मजकूर तींत सुखानें मावतो, मोडी मावत नाहीं. पुढें २०१० सालीं चार घरांची ‘यूटीएफ८एमबी४’ ही सोय निघाली आणि २०१८ सालच्या ८.० या आवृत्तींत तीच नेहमीची झाली. जुनी सोय त्याज्य ठरली. पण ती काढून टाकिली नाहीं. एकाएकीं काढिली असती, तर जुन्या नोंदवह्या व त्यांवर चालणारे कार्यक्रम बंद पडले असते.

त्याज्य ठरलेल्या वस्तूचें वर्तन सर्वत्र सारखें नसतें, हीच खरी अडचण. एक मोडी ओळ जुन्या सोयीच्या रकान्यांत घालून पाहा. प्रणालीचा नियम सैल असेल, तर पहिल्या मोडी अक्षरापासून पुढचा सर्व मजकूर गळतो आणि केवळ एक सूचना उमटते; ओळ मोडीनेंच आरंभ होत असेल, तर रकाना रिकामा राहतो. नियम कडक असेल, आणि २०१५ सालच्या ५.७ या आवृत्तीपासून तो मुळांतच कडक असतो, तर नोंद साफ नाकारली जाते. तिसरा प्रकार असा कीं, रकाना नवा आहे, पण वाचणारा कार्यक्रम जुन्या नांवानें जोडलेला आहे. तेव्हां मजकूर आंत सुरक्षित असूनहि पडद्यावर प्रश्नचिन्हें दिसतात. पोस्टग्रेसक्यूएल या दुसऱ्या प्रणालींत तर ‘यूटीएफ८’ याच नांवाखालीं चारहि घरें मिळतात.

पालकांनीं विचारावें, याचा आपणांशीं संबंध काय? आपल्या देऊळगाव राजासारख्या जुन्या गांवांत मोडी कागदांचें मोल वेगळें सांगावयास नको. २०२३ सालीं निवृत्त न्यायमूर्ति संदीप शिंदे यांच्या समितीनें कुणबी नोंदींचा शोध आरंभिला, तेव्हां मोडी जाणणारांची किती गरज आहे, हें सर्वांस कळलें. असे लेख उद्यां कोणी मूळ लिपींतच संगणकावर उतरवील. अशा वेळीं नाकारलेली नोंद पुनः लिहितां येते. पण निमूटपणें अर्धी गळालेली नोंद पुरी समजली जाते, आणि एखाद्या कुटुंबाचा पुरावा तिच्याबरोबर जातो.

म्हणून या विद्येकडे वळणाऱ्या मुलामुलींनीं तीन गोष्टी ध्यानीं धराव्या. रकाना आणि जोडणी या दोहोंसहि नव्या सोयीचें पूर्ण नांव द्यावें. प्रणालीनें दिलेली सूचना वाचल्यावांचून पुढें जाऊं नये. आणि काम सुरू करण्यापूर्वीं एक मोडी ओळ आंत घालून ती परत काढावी व अक्षरें मोजून ताडून पाहावी. जुनें नांव अजून चालतें, एवढ्यावरून त्याचें माप पुरें आहे असें होत नाहीं.