आधी पैशाचं नाव ठरवा

परळला माझ्या नावावरच्या वन बीएचकेत मी आणि माझा जोडीदार एकत्र राहतो. लग्न केलेलं नाही. कर्जाचा हप्ता माझ्या खात्यातून जातो आणि घरखर्चातला वाटा म्हणून तो दरमहा 25,000 रुपये माझ्याकडे वळते करतो. आमच्यात याबद्दल कधी वाद झाला नाही. अडचण झाली ती आयकराच्या कागदांवर.

त्याच्या कंपनीत द्यायच्या तपशिलात एका कर सल्लागारानं ही रक्कम सरळ ‘भाडं’ म्हणून मांडली. घरभाडे भत्त्याची सवलत मिळते, मग सोडायची कशाला, असं त्यांचं म्हणणं. वर्षाचं भाडं 1 लाखाच्या वर गेलं की घरमालकाचा पॅन द्यावा लागतो. तिथे माझा पॅन गेला. जूनमध्ये मी माझं एआयएस, म्हणजे वार्षिक माहिती पत्रक उघडलं, तर त्यात मला 3 लाख रुपये भाडं मिळाल्याची नोंद!

ते खरंच भाडं असतं, तर मालमत्ता कर, मग 30 टक्के प्रमाणित वजावट आणि कर्जावरचं व्याज जाऊन उरलेलं माझं उत्पन्न धरलं गेलं असतं. मालमत्ता कर आणि व्याज बाजूला ठेवलं तर 2,10,000 रुपये. 30 टक्क्यांच्या टप्प्यात उपकरासह 65,520 रुपये कर. पण आमच्यात ना करार होता, ना भाड्याचं बोलणं. वाणसामान, वीजबिल, सोसायटीचा मेन्टेनन्स, कामवाल्या मावशींचा पगार यांतला तो त्याचा वाटा होता. मुदत शिल्लक होती, म्हणून त्यानं सुधारित रिटर्न भरून ती सवलत मागे घेतली आणि व्याजासकट कर भरला.

खर्च वाटून घेतला तर ते कुणाचं उत्पन्न होत नाही. मात्र तो खर्च झाला हे दाखवता आलं पाहिजे. आता आम्ही बिलं वाटून घेतली आहेत: वीज, गॅस, इंटरनेट तो परस्पर भरतो. माझ्या खात्यात येते ती फक्त उरलेल्या हिशेबाची रक्कम, आणि महिन्याचा तक्ता दोघांकडे असतो.

खरा धोका वाट्याहून जास्त आलेल्या पैशाचा आहे. नवरा-बायकोनं एकमेकांना कितीही भेट दिली तरी घेणाऱ्यावर कर नाही. जुन्या आयकर कायद्याच्या कलम 56(2)(x)मधल्या नातेवाइकांच्या व्याख्येत लिव्ह-इन जोडीदार मात्र बसत नाही. नातेवाईक नसलेल्यांकडून वर्षभरात मिळालेल्या रोख भेटींची बेरीज 50,000 रुपयांच्या वर गेली, की वरची रक्कमच नव्हे, सगळीच करपात्र होते. 1 एप्रिल 2026पासून लागू झालेल्या आयकर कायदा, 2025मध्येही हा नियम कायम आहे. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा 2005चा कायदा विवाहसदृश नात्याला संरक्षण देतो, आयकर कायदा देत नाही. मला हा अन्याय वाटतो. ऑगस्ट 2025मध्ये एका समलिंगी जोडप्यानं आयकरातल्या याच तरतुदीला मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिलं आणि न्यायालयानं अ‍ॅटर्नी जनरलना नोटीस काढली. पण निकालाच्या भरवशावर आजचे व्यवहार करू नका.

जोडीदार तुमच्या घराचा हप्ता भरत असेल तर जास्तच जपा. तो सहमालक नसेल तर त्याला व्याजाची वजावट नाही, आणि तुमच्याकडे आलेली रक्कम भेट ठरू शकते. उसने घेत असाल तर साध्या कागदावर का होईना, लिहून घ्या, बँकेतूनच घ्या आणि खरोखर फेडा. घराचा हिस्सा बक्षीसपत्रानं द्यायचा विचार असेल तर आधी हे बघा: राहतं घर नवरा, बायको, मुलं यांना देताना मुद्रांक शुल्काची जी 200 रुपयांची सवलत महाराष्ट्रात आहे, ती लग्नाविना जोडीदाराला नाही.

गिरगाव-लालबागला पागडीच्या खोलीत राहणाऱ्यांचा प्रश्न याहून नाजूक. मूळ भाडेकरूनं जोडीदाराकडून भाडं घेतलं तर मालक त्याला पोटभाडं म्हणू शकतो, आणि महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999नुसार परवानगीशिवाय पोटभाडेकरू ठेवणं हे खोली खाली करून मागायला पुरेसं कारण आहे. यूपीआयवर पैसे पाठवताना सवयीनं ‘रेंट’ टाइप केलं जातं. तीच नोंद उद्या पुरावा म्हणून समोर येऊ शकते.

भाडं घेत असाल तर घ्या, पण लेखी करार करा आणि ते स्वतःच्या रिटर्नमध्ये दाखवा. भाडं नसेल तर त्यावर सवलत मागू नका, सल्लागार कितीही म्हणोत. आणि रिटर्न भरण्याआधी दोघांनी आपापलं एआयएस उघडून शेजारी-शेजारी बसून वाचा.