‘समजते’

‘गणित समजले’, ‘त्याला तिचे म्हणणे समजले नाही’, अशा वाक्यांत ‘समजणे’ हे क्रियापद आकलनाचा अर्थ दाखविते. वर्तमानपत्रात मात्र त्याच्याकडे निराळे काम असते. ‘धरणाचे दरवाजे उद्या उघडण्यात येणार असल्याचे समजते,’ असे वाक्य बातमीत येते, तेव्हा तेथे आकलनाचा संबंध नसतो. ही वार्ता बातमीदाराच्या कानी आली आहे, तिला अधिकृत दुजोरा मात्र अद्याप मिळालेला नाही, एवढेच तो शब्द सुचवितो.

हेच वाक्य ‘दरवाजे उद्या उघडण्यात येतील, असे कार्यकारी अभियंत्यांनी सांगितले,’ असे लिहिले, तर केवढा फरक पडतो! येथे सांगणारा पुढे उभा आहे. त्याला जाब विचारता येतो. ‘समजते’ या शब्दात दोन माणसे गळालेली असतात : ज्याला समजले तो आणि ज्याच्याकडून समजले तो. नदीकाठच्या शेतकऱ्याला हा फरक शब्दांपुरता राहत नाही. नदीतील पंप आज रात्रीच काठावर ओढून आणावा, की आधी पाटबंधारे कचेरीत चौकशी करावी, हे त्याला त्यावरूनच ठरवावे लागते.

बोलण्यात या जागी ‘म्हणे’ येतो. ‘उद्या शाळेला सुटी आहे म्हणे!’ यात बोलणाऱ्याचा थोडा अविश्वासही मिसळलेला असतो, आणि ऐकणारा सावध होतो. ‘समजते’ हा शब्द दिसायला अधिक भारदस्त. तो अविश्वास दाखवीत नाही. त्यामुळे घाईने वाचणाऱ्याला ऐकीव गोष्टही पक्की वाटू लागते. त्यातून मथळ्यात जागा थोडी. तेथे ‘धरणाचे दरवाजे उद्या उघडणार’ एवढेच छापले जाते, आणि ‘समजते’ खालच्या बारीक अक्षरांत राहून जाते. केवळ मथळे वाचणाऱ्याच्या पदरी मग अर्धीच बातमी पडते.

या शब्दाचा उपयोग नेहमीच वाईट असतो, असे नव्हे. एखाद्या कचेरीतील गैरव्यवहार उघड करणाऱ्या कारकुनाचे नाव छापले, तर त्याची नोकरी जाईल. अशा वेळी बातमीदार स्वतः कागदपत्रे पाहतो, आणखी दोघांना विचारतो आणि मगच ‘समजते’ असे लिहितो. तेथे तो शब्द एका प्रामाणिक माणसाचे रक्षण करतो. कोणालाही न विचारता केवळ वावडी उठविण्यासाठी तो वापरला, की त्याचा आडोसा होतो.

‘समजते’ लिहिले म्हणजे छापणाऱ्याची जबाबदारी संपली, असे पुष्कळांस वाटते; न्यायालय तसे मानीत नाही. दुसऱ्याकडून आलेला बदनामीकारक मजकूर छापणाराही दोषी ठरू शकतो. ‘केसरी’ आणि ‘मराठा’ ही पत्रे १८८१ साली निघाली आणि लवकरच त्यांना याचा अनुभव आला. कोल्हापूरच्या तरुण छत्रपतींचा छळ होत असल्याबद्दल या पत्रांनी कारभारी बर्वे यांच्यावर कडक टीका केली. त्यासाठी ज्या पत्रांचा आधार घेतला होता, ती खरी आहेत असा टिळक-आगरकरांचा विश्वास होता. न्यायालयात ती बनावट ठरली. १८८२ मध्ये दोघांना शिक्षा झाली आणि मुंबईच्या डोंगरी तुरुंगात त्यांना १०१ दिवस काढावे लागले. आगरकरांनी त्या दिवसांची हकीकत पुढे पुस्तकरूपाने लिहिली. हेतू शुद्ध होता. आधार मात्र कच्चा होता.

म्हणूनच चांगला संपादक ‘समजते’ या शब्दापाशी थांबतो आणि बातमीदाराला विचारतो, ‘कोणाकडून?’ उत्तर छापले जात नाही, पण ते संपादकाला ठाऊक असावे लागते. दुसऱ्या दिवशी दुजोरा मिळाला, तर ‘समजते’ जाऊन त्या जागी सांगणाऱ्याचे नाव येते. बातमी खोटी ठरली, तर खुलासाही तितक्याच ठळकपणे यावयास हवा. पण तो बहुधा आतल्या पानावर, कोपऱ्यात सापडतो.